डब्लिनचा पाऊस सोलापूरइतकाच, मग मुलगी रोज पावसाचेच का सांगते?

निवृत्त_भूगोल (सोलापूर)

नमस्कार. मी सोलापुरातील एका शाळेत एकतीस वर्षे भूगोल शिकवून निवृत्त झालो आहे. माझी धाकटी मुलगी ऑगस्टच्या अखेरीस पदव्युत्तर शिक्षणासाठी आयर्लंडमध्ये डब्लिनला गेली. आम्ही रोज रात्री नऊच्या सुमारास फोनवर बोलतो, तेव्हा तिच्याकडे दुपारचे साडेचार वाजलेले असतात, आणि तिचे पहिले वाक्य हमखास पावसाचे असते. "बाबा, आजपण पाऊस." पहिले आठ दिवस मला काळजी वाटली. नंतर जुन्या सवयीने मी आकडे काढून बसलो आणि तिथेच अडकलो.

डब्लिनचे वार्षिक सरासरी पर्जन्यमान साधारण ७५० मिलिमीटर आहे. आपल्या सोलापूरचे त्याच्याच आसपास, म्हणजे सातशे ते साडेसातशेच्या घरात आहे. ज्या जिल्ह्याला आपण पिढ्यान्‌पिढ्या अवर्षणप्रवण म्हणत आलो, जिथे नळाला किती दिवसांनी पाणी येणार यावर घराघरातले वेळापत्रक ठरते, त्या जिल्ह्यात आणि ओल्या हिरव्या कुरणांसाठी जगभर ओळखल्या जाणाऱ्या देशाच्या राजधानीत वर्षाकाठी जवळपास तेवढेच पाणी पडते. हा शोध मी मोठ्या उत्साहाने मुलीला सांगितला. ती थोडा वेळ गप्प राहिली आणि म्हणाली, "बाबा, तुम्ही एकदा इथे येऊन बस स्टॉपवर उभे राहा."

दुसरी अडचण भाषेची आहे. ती ज्यांच्याकडे खोली घेऊन राहते त्या बाई वयाने माझ्याहून मोठ्या आहेत. एका सकाळी बाहेर इतकी भुरभुर चालली होती की समोरचे घरही धड दिसत नव्हते, आणि या बाई दार उघडून समाधानाने म्हणाल्या, "ग्रँड सॉफ्ट डे, थँक गॉड." आपल्याकडे ग्रँड हा शब्द मंगल कार्यालयाच्या पाटीवर शोभतो. भिजक्या, करड्या सकाळीला कोणी भव्य कसे म्हणावे आणि वर देवाचे आभार का मानावेत, हे माझ्या मुलीला कळले नाही. तिने प्रामाणिकपणे सांगितले की तिला हे हवामान मुळीच आवडत नाही आणि सोलापुरात असे कधी नसते. बाईंचा चेहरा एकदम पडला. वाईट काहीच झाले नाही, परंतु आपले काहीतरी चुकले असे मुलीला दिवसभर वाटत राहिले.

माझाही यात थोडा दोष असावा. ती पावसाचे बोलली की मी उपाय सांगतो. छत्री जाड काड्यांची घे, बूट बदल, ओले केस लगेच पुस. तिने आतापर्यंत तीन छत्र्या घेतल्या आणि तिन्ही वाऱ्याने उलट्या होऊन मोडल्या. आता तर मी काही सांगू लागलो की ती विषयच बदलते.

तिथे राहून आलेल्या मंडळींनी कृपया सांगावे की पाऊस सारखाच असूनही अनुभव इतका वेगळा का, आणि तिथला माणूस हवेविषयी बोलला तर त्याला उत्तर काय द्यायचे असते.

लिमरिक_ते_जुळे_सोलापूर

सर, नमस्कार. मी आयर्लंडमधल्याच लिमरिक शहरात नऊ वर्षे नोकरी करून तीन वर्षांपूर्वी परत आलो. तुमचा आकडा बरोबर आहे, पण तुम्ही आयर्लंडचा सर्वांत कोरडा कोपरा निवडला आहे. तिथे वारा मुख्यत्वे नैऋत्येकडून, अटलांटिकवरून येतो. पश्चिमेकडच्या केरी, कॉनेमारा, डोनेगाल इथले डोंगर आधी भिजतात आणि त्यांच्या माथ्यावर वर्षाला दोन हजार मिलिमीटरच्याही पुढे पाऊस जातो. पूर्व किनाऱ्यावरच्या डब्लिनपर्यंत पोहोचेतो ढगांचा भार बराचसा उतरलेला असतो. सह्याद्रीच्या घाटमाथ्यावर पाऊस कोसळतो आणि सोलापूर पर्जन्यछायेत राहते, हे तुम्ही एकतीस वर्षे फळ्यावर काढून दाखवले असेल. डब्लिन हे त्या अर्थाने आयर्लंडचे सोलापूर आहे.

खरा फरक बेरजेत नाही, वाटपात आहे. आपला बहुतेक पाऊस जून ते ऑक्टोबरच्या सुरुवातीपर्यंत, तोही मोजक्या चाळीस-पन्नास दिवसांत उरकतो, आणि आला की पत्र्यावर आवाज करत येतो. ऑक्टोबर २०२० च्या मध्यात परतीच्या पावसाने पंढरपूर कसे पाण्याखाली गेले ते आपण सर्वांनी पाहिले आहे. आयर्लंडमध्ये मोसमी वारा नाही, त्यामुळे पावसाला ठरलेला ऋतूही नाही. अटलांटिकवर तयार होणारे कमी दाबाचे पट्टे एकामागून एक बेटावरून सरकत राहतात आणि बाराही महिने थोडे थोडे पाणी टाकून जातात. एक मिलिमीटर किंवा त्याहून जास्त पाऊस पडलेला दिवस मोजला, तर पूर्वेकडे वर्षाला असे सुमारे १५० दिवस भरतात आणि पश्चिमेच्या काही भागांत २२५ पर्यंत जातात. तासाला एक ते दोन मिलिमीटर हा तिथला नेहमीचा वेग. एका तासात २५ मिलिमीटर पडणे दुर्मीळ. आपल्याकडचा एखादा वळीव अर्ध्या तासात जे करून दाखवतो, त्याला तिथे अख्खा दिवस लागतो आणि त्या अख्ख्या दिवसात तुमची मुलगी बस स्टॉपवर उभी असते.

शरदात यात आणखी दोन गोष्टींची भर पडते. तापमान फार खाली जात नाही. ऑक्टोबरात दुपारी तेरा-चौदा अंश असतात, आणि सोलापूरचा माणूस आकडा ऐकून म्हणतो की एवढ्याने काय होते. परंतु ती थंडी ओली असते आणि वाऱ्यासोबत येते. पाऊस वरून न पडता बाजूने येतो, म्हणून छत्रीवर पैसे घालवू नयेत. डोके झाकणारे, शिवणीतून पाणी न झिरपणारे जाकीट हेच तिथले साधन आहे. (हा उपाय सांगण्याचा शेवटचा गुन्हा मी करतो, तुम्ही यापुढे करू नका.)

आता भाषेविषयी. 'ग्रँड' म्हणजे तिथे भव्य नव्हे. आपण "कसं काय?" विचारल्यावर सोलापूरचा माणूस "चाललंय की" म्हणतो, त्यातला तो 'चाललंय' आहे. 'सॉफ्ट डे' म्हणजे हवेतच पाणी तरंगत असते असा दिवस. आयरिश भाषेत याला 'लॉ बोग' म्हणतात. 'बोग' म्हणजे मऊ, आणि दलदलीसाठीचा इंग्रजी शब्दही तिथूनच आला आहे. थेंब मोजता येतील इतका पाऊस असेल तर 'स्पिटिंग', आपले शिंतोडे. चांगला झोडपत असेल तर 'लॅशिंग'. वारा बोचू लागला की 'फ्रेश' आणि दात वाजू लागले की 'बॉल्टिक'. नऊ वर्षांत माझ्या कानांवर 'आज हवा वाईट आहे' असे सरळ वाक्य फार थोड्या वेळा पडले.

मला सर्वांत आवडलेला शब्द 'ड्राइंग' आहे. पाऊस थांबून थोडा वारा सुटला की शेजारीण कुंपणापलीकडून आनंदाने सांगते, "ग्रेट ड्राइंग आउट टुडे", म्हणजे आज कपडे वाळतील. आमचे घर अक्कलकोट रोडला, वडील एका टॉवेलच्या कारखान्यात होते. रंगवलेले सूत उन्हात टाकले की चहा होईपर्यंत वाळते, हे बघत मी मोठा झालो. कपडे वाळणे ही शेजाऱ्याला हाक मारून सांगण्याजोगी बातमी असू शकते, हे मला लिमरिकमध्ये कळले, आणि दुसऱ्या वर्षी मीही ती बातमी सांगू लागलो.

उत्तर काय द्यायचे, याचा नियम एकच: होकार. तिथे हवेवर बोलणे म्हणजे आपला रामराम आहे. "रामराम" म्हटल्यावर आपण रामाविषयीचे स्वतःचे मत सांगत नाही. "सॉफ्ट डे" म्हटले की "इट इज, थँक गॉड" म्हणायचे, आणि फारच वाटले तर "निदान थंडी तरी नाही" अशी पुस्ती जोडायची. तुमच्या कन्येने बाईंच्या नमस्काराला अभिप्राय दिला, एवढेच झाले.

काऊंटी_गॉलवे

माझे माहेर अक्कलकोट. मी गॉलवेमध्ये परिचारिका आहे आणि इथला हा माझा दहावा शरद. वरील दादांनी जे लिहिले ते योग्यच आहे, परंतु त्यांचा नियम वॉर्डात शिकताना मला बराच काळ लागला. पहिल्या वर्षी सकाळी पडदे उघडताना एक आजोबा रोज मला हवेविषयी काहीतरी सांगत आणि मी औषधांचा तक्ता बघत "हं" म्हणत असे. एके दिवशी त्यांनी दुसऱ्या नर्सला विचारले की ही मुलगी माझ्यावर रागावली आहे का. दुसऱ्या दिवशी पडदा उघडताना मी आपण होऊन म्हटले, "आभाळ उघडेलसं वाटतंय." त्यानंतर त्यांनी मला त्यांच्या गायी, त्यांची दिवंगत पत्नी आणि गुडघ्याचे दुखणे, सगळे सांगितले; गुडघ्याचे तर त्यांनी डॉक्टरांनाही सांगितले नव्हते.

सर, एक व्यावहारिक गोष्ट लक्षात ठेवा. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी इथली घड्याळे एक तास मागे जातात. डब्लिनमध्ये शनिवारी सहाच्या सुमारास मावळणारा सूर्य रविवारी पाच वाजण्याच्या आत मावळतो आणि नोव्हेंबरअखेर सव्वाचारपर्यंत येतो. सोलापुरात उन्हाळ्यातला आणि हिवाळ्यातला सूर्यास्त यांत जेमतेम सव्वा तासाचे अंतर असते, त्यामुळे आपल्या लोकांना पावसापेक्षा हा अंधार जास्त जड जातो, आणि तो कोणी आधी सांगत नाही. 'द इव्हनिंग्ज आर ड्रॉइंग इन', म्हणजे आता लवकर अंधारू लागले, हे वाक्य तुमच्या मुलीने सप्टेंबरपासूनच ऐकले असेल. ते हळहळीने म्हटले जाते आणि त्यालाही होकारच द्यायचा असतो. आपल्यासारख्या सावळ्या रंगाच्या माणसांना इथले डॉक्टर बहुधा व्हिटॅमिन डी घ्यायला सांगतात. तिने तिथे विचारून घ्यावे.

इथल्या शरदाची दुसरी मोठी चर्चा घरातली असते: हीटिंग सुरू केले का? कोणी सप्टेंबरात सुरू केले म्हटले तर ऐकणारा भुवया उंचावतो, आणि दिवाळीपर्यंत लांबवले म्हटले तर त्यालाच थोडा मान मिळतो (दिवाळीपर्यंत हा माझा हिशोब, ते हॅलोवीन म्हणतात). घरात पाण्याच्या टाकीभोवती एक उबदार कपाट असते, त्याला 'हॉट प्रेस' म्हणतात. चादरी, टॉवेल त्यात ठेवले की ओल जाते. मी लग्नात मिळालेली सोलापुरी चादर त्यात ठेवते. रात्री बाहेर काढली की ती गच्चीवरून नुकती आणल्यासारखी लागते.

वादळांचेही सांगते. २०१५ पासून इथली हवामानसंस्था मेट एरन आणि ब्रिटनची हवामानसंस्था मिळून वादळांना नावे देतात आणि नावांची नवी यादी दर १ सप्टेंबरला लागू होते. त्यामुळे लोक वादळाविषयी पाहुण्यासारखे बोलतात: अमकी येतेय, तमका रात्रीच निघून गेला. ऑक्टोबर २०१७ मध्ये ओफेलिया आले तेव्हा मी इथे नवीन होते. चक्रीवादळाचा तो उरलेला जोर होता, पण १६ तारखेला संपूर्ण देशाला लाल इशारा होता, शाळा दोन दिवस बंद राहिल्या, दक्षिणेकडच्या फास्टनेट खडकावर ताशी १९१ किलोमीटरचा झोत नोंदला गेला आणि देशात तीन माणसे गेली. त्या दिवशी मात्र कोणी 'ग्रँड' म्हटले नाही. सगळ्यांची भाषा एकाएकी मोजून मापून, सरळ झाली: घरात थांबा, झाडाखाली जाऊ नका, समुद्राकडे फिरकू नका. एरवीच्या गोड बोलण्याचा अर्थ मला तेव्हा जास्त कळला. इथल्या माणसाला हवेचे भान नाही असे नव्हे. रोजच्या पावसाला तो मोठे शब्द वापरत नाही, कारण ते कधीतरी लागतात.

माळदांडी (मंगळवेढा)

मी आयर्लंड पाहिलेले नाही, शेती करतो; पण पुतण्या कॉर्कच्या बाजूला दुधाच्या गोठ्यावर कामाला आहे, त्याच्याकडून ऐकलेले लिहितो. तिथल्या जुन्या पंचांगानुसार शरद १ ऑगस्टला सुरू होतो आणि १ नोव्हेंबरला हिवाळा लागतो. हवामान खाते मात्र सप्टेंबर ते नोव्हेंबर धरते. त्यामुळे दर ऑगस्टात हा उन्हाळा की शरद, यावर गोठ्यावर वाद होतोच. आयरिश भाषेत शरदाला 'फोवर' म्हणतात आणि त्याच शब्दाचा अर्थ सुगी असाही आहे. सप्टेंबरचे नाव सुगीचा मध्य आणि ऑक्टोबरचे सुगीचा शेवट. आमच्याकडे त्याच दिवसांत ज्वारीची पेरणी असते. तिकडे सुगी उरकते तेव्हा इकडे तिफण चालते.

पाऊस पडतो आहे असे म्हणताना ते जे क्रियापद वापरतात, त्याचा पेरणे असाही अर्थ होतो, असे पुतण्याने सांगितले. शिक्षक मंडळींनी पडताळून पाहावे. मला तरी ते पटले.

वादळांना नावे दिल्याचे ताईंनी लिहिले, त्यात मला नवल वाटले नाही. आपण प्रत्येक नक्षत्राच्या पावसाला नाव देतो आणि वर बसायला वाहनही देतो: बेडूक, गाढव, म्हैस, मोर. हस्ताचा पाऊस म्हणजे हत्तीचा पाऊस, आणि 'पडतील स्वाती तर पिकतील माणिक मोती' हे आमच्या आजीचे रोजचे बोलणे. फरक इतकाच की त्यांना तो थांबावा असे वाटते आणि आम्हाला यावा असे. पारावर आमचेही बोलणे पावसाशिवाय सुरू होत नाही, आणि "आभाळ आलंय" म्हटल्यावर "व्हय, येईल बघा" असेच म्हणायचे असते, मग दोघांनाही तो येणार नाही हे ठाऊक का असेना.

खिडकीजवळची_जागा

हवेवर बोलणारी माणसे मला नेहमीच कंटाळवाणी वाटत आली आहेत. सरांच्या कन्येने खरे तेच सांगितले, त्यात चूक काय? घरमालकिणीला बरे वाटावे म्हणून खोटे का बोलायचे?

लिमरिक_ते_जुळे_सोलापूर

खोटे बोलायचे नाहीच. मे महिन्यात सात रस्त्यावर कोणी भेटला आणि घाम पुसत "लई उकडायलंय की ओ" म्हणाला, तर "त्रेचाळीस अंश म्हणजे सोलापूरच्या मानाने सामान्यच आहे" असे आपण म्हणतो का? म्हणून पाहा, पुढच्या वेळी तो रस्ता ओलांडून जाईल. तक्रार करायला तिथे मुभा आहे, पण ती दोघांनी मिळून करायची असते आणि सुरुवात तिथल्या माणसाने करायची असते. बाहेरून आलेल्याने पहिल्याच महिन्यात त्यांच्या आभाळाला नावे ठेवली की ते आपल्या शेंगा चटणीला नावे ठेवल्यासारखे लागते.

निवृत्त_भूगोल (सोलापूर)

सर्वांचे मनापासून आभार. पर्जन्यछायेचा मुद्दा माझ्याच विषयातला असून माझ्या ध्यानात आला नाही, याची थोडी लाज वाटली आणि थोडी मौजही. वार्षिक बेरजेवर विसंबू नका, पावसाचे दिवस मोजा, हे मी विद्यार्थ्यांना दरवर्षी सांगत असे.

माळदांडी यांचा पेरण्याचा मुद्दा मी मुलीला विचारला. तिने तो घरमालकीण बाईंना विचारला. बाईंनी तो खरा असल्याचे सांगितलेच, शिवाय तासभर बसवून पावसाचे आणखी बरेच शब्द शिकवले. मुलीने बदल्यात रिमझिम, पिरपिर, झड आणि संततधार हे चार शब्द दिले. 'पिरपिर' बाईंना सर्वांत आवडला. लहान मूल सतत कुरकुरत असेल तर त्यालाही आम्ही हेच म्हणतो असे कळल्यावर त्यांनी तो पाठ केला, आणि आता सकाळी दार उघडून त्या "पिरपिर, थँक गॉड" म्हणतात असे मुलगी सांगते. यात अतिशयोक्ती किती, हे मला इथून तपासता येत नाही.

काल घड्याळे मागे गेली. मी नेहमीप्रमाणे नऊला फोन लावला, तेव्हा तिच्याकडे साडेतीनच वाजले होते आणि ती कामात होती. साडेदहाला तिचा उलट फोन आला. खिडकीबाहेर अंधारून आलेले दिसत होते. "बाबा, आज पाऊस," ती म्हणाली. छत्री, बूट, केस, सगळे जिभेवर आले होते. मी म्हणालो, "हो ना, पडणारच." ती हसली आणि मग जवळजवळ पाऊण तास बोलत होती. शेवटी तिने विचारले, "तिकडे काय, ऑक्टोबर हीट?" मी होय म्हणालो आणि पंखा पाचवर असल्याचे सांगितले. त्यावर तिने मला माठातले पाणी पिण्याचा, दुपारी बाहेर न पडण्याचा आणि डोक्याला उपरणे बांधण्याचा सल्ला दिला.